कालची कोडी आणि मधला बर्फ

सगुण गावसच्या घरी जेवणाची वेळ घड्याळावर नव्हती. यशोदा आली की जेवण.

यशोदा त्याची बायको. मोपाच्या विमानतळावर साफसफाईच्या कामाला होती. पाळी पहाटेची. दुपार कलली की कंपनीची बस तिला इब्रामपूरच्या तिठ्यावर सोडायची. बस वळताना हॉर्न वाजवायची. तो हॉर्न ऐकला की सगुण मागच्या पडवीतल्या चुलीत फुंकर घालायचा आणि निखाऱ्यावर मातीचं कुंडलं ठेवायचा. तिठ्यावरून घरापर्यंत चालत यायला तिला जेवढा वेळ लागे, तेवढ्यात त्यातली माशांची कोडी कढायची. यशोदा पाय धुऊन आत येईपर्यंत ताटातून वाफ निघत असायची. यात कधी चूक झाली नव्हती.

पूर्वी असं नव्हतं. पूर्वी सगुण डिचोलीला खाणीवर ट्रक चालवायचा आणि यशोदा घरी रांधायची. मग खाणी बंद पडल्या. ट्रक विकला. सगुण बराच काळ दारातल्या सोप्यावर मांडीत हात घेऊन बसून राहिला. लेक अंकिता लग्न होऊन पणजीला गेली होती. घरात दोघंच. विमानतळ सुरू झाला तेव्हा यशोदाने अर्ज केला आणि तिला काम लागलं. पहिल्या दिवशी ती निघून गेल्यावर सगुणने भात करपवला.

शेजारच्या बाबलीने कुंपणावरून वास घेतला.

"काय सगुणा, बायल कामाक आणि घोव चुलीक?"

सगुण उलट बोलणारा माणूस नव्हताच. राग आला की तो भांडी घासायचा. त्या दिवशी त्याने करपलेलं पातेलं आरशासारखं केलं.

हळूहळू हात बसला. आईला रांधताना त्याने लहानपणी पाहिलं होतं, ते त्याला आठवत गेलं. वाटपाला नारळ किती, तिरफळं कधी ठेचून टाकायची, आंबटपणाला सोलं कधी. पण त्याचं नाव झालं ते कालच्या कोडीने. आदल्या दिवशीचं उरलेलं हुमण, माशांचं नारळातलं कालवण. ते संध्याकाळी एकदा कढवायचं, सकाळी एकदा कढवायचं, आणि मग मंद निखाऱ्यावर आटवत बसायचं. कडेला बुडबुडे येतात, मग मधे येतात, मग रस्सा कुंडल्याला धरतो. आंबटपणा मुरतो. पेजेबरोबर नाही तर पोदेराच्या, गावच्या पाववाल्याच्या, पावाबरोबर खायची. एकदा बाबली स्वतःच वाटी घेऊन आला.

"टोमणे सुके गिळवत नाय रे," सगुण म्हणाला आणि वाटी भरून दिली.

यशोदा आल्याशिवाय तो जेवायचा नाही. ती जेवताना बोलायची. कुणीतरी बाकावर नवी कोरी चप्पल विसरून गेलं. कुणा परदेशी बाईला पाण्याच्या बाटलीत तुळशीचं रोप न्यायचं होतं. ती बोलायची, तो वाढायचा. दिवसभरात त्याच्याशी कोणी एवढं बोलत नसे. त्या तासाभरासाठी तो सकाळपासून नारळ खवत असे म्हटलं तरी चालेल.

त्या तासाभरात सिद्धेश शिरला.

आधी नुसतं नाव आलं. कामगारांच्या खाणावळीत सिद्धेश म्हणून एक होता. स्वयंपाकी. मूळचा दोडामार्गाकडचा, म्हणजे यशोदाच्या माहेरचा. हे कळलं तेव्हाच सगुणच्या हातातली वाढायची दवली जराशी थांबली होती.

"सिद्धेश म्हणता, डोक्या दुखता तर आधी पाणी पी."

"सिद्धेश म्हणता, उकड्या भातात पोषण असता."

"ह्या सगळ्यांका ठावक असा," सगुण म्हणाला. "तेच्यासाठी सिद्धेश कशाक होयो?"

"तुमी कधी सांगलात नाय."

खरं होतं. त्याने कधी सांगितलं नव्हतं. तो फक्त वाढत आला होता.

मे महिन्यात एका रविवारी यशोदा म्हापशाला गेली आणि संध्याकाळी एका छोट्या टेम्पोतून घरी आली. टेम्पोत खोकं. खोक्यात मायक्रोवेव्ह. सगुणने खोकं उतरवलं. जड होतं.

"कोणी निवडलो?" त्याने विचारलं.

"सिद्धेश बरोबर होतो. तेका समजता ह्यातला."

सगुणने खोकं मेजावर ठेवलं. ठेवताना ते जरा आपटलंच.

यशोदाने सगळं आधी ठरवून ठेवलं होतं. ती त्याच्यासमोर बसली आणि म्हणाली, "आयकलात? तुमी माझी वाट बघत उपाशी ऱ्हवतात. पित्त होता तुमका. आता वेळार जेवा. दुपारी देवळात भजनाची तालीम असता, थय जावा. पूर्वी जायत होतात. माझा मी गरम करून घेईन."

एवढी वाक्यं ती बोलली. सगुणला शेवटचं तेवढं ऐकू आलं.

त्याने यंत्रावर धुतलेला पंचा टाकला. धूळ बसू नये म्हणून, असं तो म्हणाला. भजनाला तो गेला नाही. हॉर्न वाजला की तो पूर्वीसारखाच चुलीपाशी असायचा. पण यशोदा काही वेळा पंचा बाजूला करून आपला भात आत ठेवायची, बटणं दाबायची आणि आतली बशी फिरताना बघत उभी राहायची. तो पिवळा दिवा तिच्या तोंडावर पडायचा. सगुणला वाटायचं, ही कुणाच्या तरी घरात डोकावते आहे.

आणि प्रत्येक वेळी सिद्धेश.

"झाकण घट्ट लावूचा नाय, सिद्धेश म्हणता. वाफ कोंडता आणि उडता."

"स्टीलचा भांडा आत नाय. ठिणगे उडतत."

"मधे एकदा भायर काढून ढवळूचा. ह्यो कडेन आधी तापता, मधे थंड ऱ्हवता. घंटी वाजली म्हणान लगेच खाऊचा नाय. दोन मिनटा तसाच ठेवूचा. आतली ऊब मधे पोचाक होयी."

"एवढे सोपस्कार," सगुण म्हणाला. "देवाचो नैवेद्य काय? चुलीर कडेक बुडबुडे इले म्हणजे तापला."

"ती चूल. ह्यो वेगळो."

"तेका कालची कोडी करूक येता?"

"कोणाक? मशीनाक की सिद्धेशाक?"

"दोघांकय."

यशोदा हसली. "दोघांकय नाय येयत."

त्या दिवशी सगुणला दोन घास जास्त गेले.

एक जून लागला, मासेमारीची बंदी सुरू झाली. ट्रॉलर किनाऱ्याला लागले. मासळी महाग होणार म्हणून यशोदाने आधीच सुंगटं, म्हणजे कोळंबी, साफ करून फ्रीजरात भरून ठेवली होती. हीसुद्धा सिद्धेशचीच अक्कल. सगुणने त्यातल्या सुंगटांचं रविवारी हुमण केलं. सोमवार शिवराक, त्यांच्याकडे मासे चालत नाहीत. उरलेलं हुमण यशोदाने काचेच्या डब्यात घालून फ्रीजरात टाकलं.

"मंगळवारी खाऊया," ती म्हणाली. "मेजार ठेवून वितळवू नकात हां. एक तर आदल्या रात्री फ्रीजात खालच्या कप्प्यात ठेवूचा. नाय तर मशीनात डिफ्रॉस्टाचा बटण असा, तेच्यार. आणि एकदा वितळला की तसाच गरम करून खाऊचा, परत फ्रीजरात घालूचा नाय. सिद्धेश..."

"म्हणता. समाजला. माझी आवस आयुष्यभर हुमण पडवीत ठेवी होती. कोण मेला?"

"तुमच्या आवशीन दोन वेळा कढयल्याशिवाय कोणाक वाढला काय?"

सगुण उठून भांडी घासायला गेला.

मंगळवारी सकाळीच त्याने डबा काढून मेजावर ठेवला. मुद्दाम. डिफ्रॉस्टचं बटण तो दाबणार नव्हता. दुपारी कुंडल्यात ओतून चांगलं कढवायचं, की झालं. उघड्या जनेलातून जूनची दमट ऊब येत होती. डब्याला घाम फुटला. दुपारपर्यंत बर्फ वितळून रस्सा सैल झाला. सगुणने भात उतरवला, सोलकढी केली, चुलीत लाकडं सारली आणि हॉर्नकडे कान लावून बसला.

हॉर्न वाजला नाही. फोन वाजला.

"आयकलात? आज दुसरी पाळी पण करूक होयी. एक बाई इली नाय. तुमी जेवा."

"आणि तू?"

"हयच जेवलंय. सिद्धेशान बांगड्याचा तिखला केलेला. बरा होता हां."

सगुणने फोन ठेवला. बराच वेळ तो चुलीसमोर उकिडवा बसला. लाकडं पेटलेली होती आणि त्यांच्यावर ठेवायला काही नव्हतं. इतक्या वर्षांत तिने बाहेरच्या जेवणाला बरं म्हटलेलं त्याने ऐकलं नव्हतं. अंकिताच्या लग्नातल्या पंगतीलाही नाही. मग तो उठला, मेजावरचा कोमट डबा उचलला आणि होता तसा फ्रीजरात कोंबला. दार इतक्या जोरात लावलं की वरचा नारळ घरंगळून खाली पडला.

तो त्या दिवशी जेवला नाही.

बुधवारी हॉर्न वाजला तेव्हा चूल थंड होती. यशोदा पाय धुऊन आत आली आणि उंबऱ्यात थबकली. सगुण मायक्रोवेव्हसमोर उभा होता. पंचा त्याच्या खांद्यावर. आत पिवळ्या उजेडात हुमणाचा डबा फिरत होता.

"तुमी?" ती म्हणाली. तिचा चेहरा उजळला.

सगुणने तिच्याकडे पाहिलं नाही. त्याचं ठरलं होतं. तो ढवळणार नव्हता. थांबणार नव्हता. कडा उकळतील, मधे बर्फाचा गोळा राहील, तो तिच्या दाताखाली येईल. ती तोंड वाकडं करील. म्हणेल, ह्या मशीनाक काय चव नाय, तुमची चूलच बरी. बस. याहून जास्त काही त्याला नको होतं. एकदा तिने तसं म्हणावं.

कडेला बुडबुडे आले. घंटी वाजली. त्याने लगेच डबा काढला आणि मधला भाग कुलेराने, मोठ्या चमच्याने, उचलून तिच्या भातावर घातला.

"तुमका?"

"माका भूक नाय."

तो समोर बसला आणि तिच्या तोंडाकडे बघत राहिला. यशोदाने पहिला घास घेतला. क्षणभर तिचा जबडा थांबला. मग ती चावू लागली. दुसरा घास घेतला. तिसरा. ताट पुसून खाल्लं.

"बरा झाला," ती म्हणाली.

सगुणला कळेना. हे कसं झालं? तो यंत्राकडे बघत राहिला. ते नुसतं मेजावर बसलं होतं, दिवा विझवून, साळसूद. इथेही तेच जिंकलं.

दिवेलागणीला यशोदाच्या पोटात मुरडा आला. मग उलट्या सुरू झाल्या. सकाळपर्यंत ती चादरीसारखी पांढरी पडली. बाबलीने रिक्षा आणली. दवाखान्यात सलाईन लावलं. डॉक्टरीण बाईंनी विचारलं, शिळं काही खाल्लं का? यशोदा डोळे मिटून होती. सगुण म्हणाला, "घरचाच जेवान." तो आपल्या हातांकडे बघत राहिला. बर्फ दाताखाली यावा एवढंच त्याने मागितलं होतं. सकाळभर मेजावर पडलेला डबा, रागात परत कोंबलेला डबा, हे त्याच्या ध्यानातही नव्हतं. त्याच्या घरात कढ सगळ्याला माफ करत आला होता. या वेळी त्याने कढच दिला नव्हता.

दुपारी तिला घरी आणलं. ती आतल्या खोलीत झोपली. सगुण सोप्यावर बसला. तेवढ्यात दारात स्कूटर थांबली.

उतरलेला माणूस बुटका होता. पन्नाशीचा असेल. डोक्यावर केस कमी, पोट पुढे. हातात पावांची पिशवी.

"यशोदाताईंचा घर ह्याच मगे? मी सिद्धेश. खाणावळीतलो."

सगुण त्याच्याकडे बघतच राहिला. इतके दिवस तो ज्याच्याशी मनातल्या मनात भांडत होता तो उंच होता. काळ्याभोर केसांचा होता. तो हा नव्हता.

पण राग गेला नाही. उलट वाढला. या एवढ्याशा माणसाचं ती ऐकते?

सिद्धेश सोप्याच्या कडेला टेकला. घाम पुसत म्हणाला, "दादा, ताई आजारी म्हणान कामार कळला. एक विचारूचा होता. मंगळवारी ताई माझ्याकडे जेवल्या. बांगडे ताजे नाय होते, बंदी मगे, बर्फातले होते. मी नीट वितळवलंय, नीट शिजवलंय. पण चूक कोणाक सांगान होता? माझ्या जेवणान झाला काय?"

त्याचा आवाज कापत होता. सगुणला ते ऐकू आलं.

नुसती मान हलवली असती तर पुरलं असतं. यशोदाच्या तोंडून ते नाव कायमचं गेलं असतं. सगुणने मान हलवली नाही. पण नाहीही म्हटलं नाही.

"माका काय ठावक?" तो म्हणाला. "भायरचा जेवली होती खरी."

सिद्धेशचा चेहरा उतरला. तो थोडा वेळ पावांच्या पिशवीची गाठ चाचपत बसला. "बरा," तो म्हणाला. "मग आज सायबांका सांगतंय. लपवन ठेवूक जमाचा नाय. आणि कोणाक झाला तर?" पिशवी सोप्यावर ठेवून तो उठला. अंगण ओलांडून स्कूटरपर्यंत गेला. किल्ली फिरवली. स्कूटर एका दमात सुरू झाली नाही.

तो आवाज घरघरत राहिला आणि सगुण सोप्यावरून उठला.

"ओ सिद्धेश!"

सिद्धेशने मागे पाहिलं.

"तुमच्या जेवणान नाय झाला. माझ्यान झाला." सगुण अंगणात उतरला. "मेजार सकाळभर ठेवलंय. परत फ्रीजरात घातलंय. मगे मशीनात अर्धवट तापवन वाढलंय. ढवळलंय नाय. मुद्दाम."

"मुद्दाम? कशाक?"

सगुणने खांद्यावरचा पंचा काढला, घडी केली, परत खांद्यावर टाकला. "ती दिवसभर सिद्धेश म्हणता, सिद्धेश म्हणता करता."

सिद्धेशने स्कूटर बंद केली. आधी डोळे विस्फारले, मग तो इतका मोठ्याने हसला की कुंपणापलीकडे बाबलीचा कुत्रा भुंकला.

"अहो दादा, माझे कान किटले! थय ती काय म्हणता ठावक असा? आमचे ह्ये तिरफळा शेवटाक घालतत. आमच्या ह्यांची कालची कोडी खाऊन बघ. तुझ्या बांगड्याक आमच्या ह्यांची सर नाय. मंगळवारी माझा तिखला खाऊन म्हणाली, मीठ कमी असा. माका तुमका एकदा बघूचाच होता. म्हटला, कोण असा ह्यो मोठो रांदपी!"

सगुणला हसू आलं नाही. त्याच्या मनात एकच गोष्ट अडकली. मीठ कमी असा. फोनवर तर बरा होता म्हणाली होती. आपण तिची वाट न बघता जेवावं म्हणून?

सिद्धेश गेल्यावर तो आत गेला. यशोदा जागी होती. अंगणातलं सगळं तिने ऐकलं असणार. तो खाटेच्या पायथ्याशी बसला.

"मधे बर्फ होतो," ती म्हणाली. "पयल्या घासाकच समाजला."

सगुणने मान वर केली. "मगे खाल्लंस कशाक?"

"तुमी पयल्यांदा तेका हात लावलात. म्हटला, राग गेलो. तोंड वाकडा केला असता तर परत पंचो टाकलात असतो." तिने कूस बदलली. "एवढा वाईट व्हयत असा काय माका ठावक?"

सगुणला रडू येईल असं वाटलं. त्याने पाण्याचा तांब्या उचलला आणि भरलेला असतानाही भरायला गेला.

दोन-तीन दिवस पेज चालली. पातळ, मिठाची, चुलीवरची. ती परत कामावर गेली त्या दिवशी सगुणने यंत्रावर टाकायचा पंचा खुंटीला अडकवला. दुपारी हॉर्न वाजला. आदल्या रात्री फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवलेलं हुमण त्याने काचेच्या भांड्यात ओतलं, झाकण तिरकं ठेवलं, बटण दाबलं. मधे काढून तळापासून ढवळलं. परत आत. घंटी वाजली तेव्हा यशोदा पाय धुऊन मेजाशी आली होती.

तिने हात पुढे केला.

"थांब," सगुण म्हणाला. "दोन मिनटा."

ती बसली. तो समोर बसला. मधे भांडं. काही करायचं नव्हतं. चुलीवर असा वेळ कधी मिळाला नव्हता. तिथे तो वाढत असे आणि ती खात असे.

"आज काय झाला ठावक असा?" ती म्हणाली. "सिद्धेशान माका सगळ्यांसमोर विचारल्यान..."

सगुणच्या कपाळाला आठी पडली. ती तिने पाहिली आणि ओठ दाबून हसली.

"काय विचारल्यान?" त्याने जरा उशिराच विचारलं.

"कालची कोडी कशी करतत, ती शिकवशात काय म्हणान."

सगुणने भांड्यावरचं झाकण उचललं. वाफ मधून आली, अगदी मधून. त्याने कुलेर बुडवून पाहिली, तळापर्यंत.

"तेका येवची नाय," तो म्हणाला आणि तिच्या भातावर हुमण वाढलं.